पॅरी लागत नाही, वय झालं का? (आणि सोबतच्या पोराचे बाण कधी मारायचे?)

गोदाकाठचा_क्रेटोस
मंडळी, विषय थोडा पोरकट वाटेल पण झोप उडालीय म्हणून विचारतो. २०१८ चा गॉड ऑफ वॉर हा गेम मी प्लेस्टेशन फोरवर मजेत संपवला होता. तेव्हा लग्नाला दोनच वर्षं झालेली, नाशिकला इंदिरानगरमध्ये भाड्याचं घर, २४ इंची मॉनिटर, आणि पॅरी (म्हणजे नेमक्या क्षणी ढाल धरून वार उलटवणं) अशी लागायची की वार आला, कंट्रोलरचं एल वन बटण दाबलं, ठण्ण, आणि समोरचा भेलकांडत मागे. वाल्किरी नावाच्या अवघड शत्रू सोडल्या तर कोणी त्रास दिला नाही.

आता उशिराने का होईना त्याचा पुढचा भाग, रॅग्नारोक घेतला. पीएस फाईव्ह, ५५ इंची टीव्ही, साउंडबार, सोफा, सगळा थाट. आणि पॅरी एक लागेल तर शप्पथ. ढाल वर येते, वार अडतो, पण ते ठण्ण काही होत नाही. लवकर दाबून बघितलं, उशिरा दाबून बघितलं, श्वास रोखून बघितलं. स्वार्टाल्फहाइमच्या टप्प्यापुढे आलोय ते नुसता मार खात आणि कुऱ्हाड फेकत.

दुसरं म्हणजे अट्रेयस, गेमच्या नायकाचा, क्रेटोसचा मुलगा, लढाईत सोबत असतो तो. चौकोन दाबला की तो बाण मारतो हे माहितीये, पण गडबडीत त्या पोराची आठवणच राहत नाही, लढाई संपल्यावर लक्षात येतं की अरे, हा पण होता की. बायको म्हणाली घरातल्या पोरीच्या बाबतीतही तसंच आहे. असो.

वय ३९. बॅलन्स डिफिकल्टी. पॅरीचा सराव कसा करायचा आणि सोबत्याचं बटण कधी दाबायचं, अनुभवी लोकांनी सांगा. 'डिफिकल्टी कमी करा' असं सांगणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

सिडको_सहावी_स्कीम
टीव्हीचा गेम मोड (बटण दाबणं आणि चित्र यातला उशीर कमी करणारं सेटिंग) चालू आहे का? आधी ते बघा, मग बाकीचं पुराण.

रस्सा_जास्त
डिफिकल्टी कमी करा.

पंचवटीकर
वयाचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. मी ४४ चा आहे आणि सेकिरो हा पॅरीवरच चालणारा तलवारबाजीचा गेम दोनदा संपवलाय, हे फुशारकी म्हणून नाही, मुद्दा आहे म्हणून सांगतो.

दिसलं की दाबलं असं पॅरीचं कामच नाही. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत चांगल्या माणसाचेसुद्धा दोनशे-अडीचशे मिलिसेकंद जातात. गेम ६० एफपीएसवर (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) चालत असेल तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदाची, म्हणजे तुम्ही 'दिसलं' म्हणेपर्यंत बारा-पंधरा फ्रेम उडाल्या. वार दिसल्यावर दाबणारा कायम हरतो. वार सुरू होताना दाबायचं कधी ते आधीच ठरलेलं पाहिजे.

गोल्फ क्लब मैदानावर टेनिस बॉल खेळलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. बॉल बघून कोण खेळतं? बोलरचा हात आणि खांदा बघतो आपण. या गेमवाल्यांनी तर स्लोअर बॉलसुद्धा शिकून घेतलाय. तलवार वर नेतात, तुम्ही घाईने दाबता, आणि तो हात तसाच वर ठेवून अर्धा सेकंद थांबतो, मग हाणतो. एल्डन रिंग गेममधला मार्गिट हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, म्हणजे नुसते स्लोअर बॉल. तिथे काठी बघायची नाही, काठी खाली यायला लागते तो क्षण बघायचा.

आणि सराव म्हणाल तर एकच नियम. पहिली दहा मिनिटं हल्लाच करायचा नाही. नुसतं उभं राहून अडवायचं. जीव गेला तर जाऊ दे. सेकिरोत तर त्यासाठी हान्बेई नावाचा न मरणारा माणूसच देवळाबाहेर उभा करून ठेवलाय, त्याच्याशी तासन्‌तास सराव करा म्हणून. लोक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि मग गेनिचिरो या बॉसकडून मार खाऊन नेटवर रडतात.

झेंडू_झिरो
काका मी बारावीला आहे, मी मोबाईलवर झेनलेस झोन झिरो खेळतो त्यात हे दोन्ही प्रश्न एकच आहेत 😀 म्हणजे पॅरीच सोबत्याकडून होते. शत्रू मारायला आला की सोनेरी चमक येते आणि टिंग असा आवाज येतो, तेव्हा कॅरॅक्टर बदलायचं बटण दाबलं की दुसरा येऊन वार अडवतो आणि लगेच उलटा मारतो. लाल चमक आली तर मात्र अडवता येत नाही, पळायचं. आणि फुकट नाही ते, असिस्ट पॉइंट जातात, संपले की बोंबला. म्हणून भारी प्लेअर सगळ्या चमकांवर पॅरी करत नाहीत, मोठ्या वारासाठी राखून ठेवतात

पंचवटीकर
@झेंडू_झिरो बारावीला आहेस ना रे? सीईटी कधी आहे?

झेंडू_झिरो
काका प्लीज

कोरा_कागद
माझं मत पटणार नाही, तरी लिहितो. सोबती हा प्रकारच मुळात कुबडी आहे. एल्डन रिंगमध्ये मिमिक टिअर, म्हणजे तुमचीच नक्कल असलेला आत्मा, बोलवायची, ती मार खाते, तुम्ही मागून तलवार घालता आणि 'बॉस मारला' म्हणून स्क्रीनशॉट टाकता. २०२२ च्या मार्चमध्ये पॅच १.०३ (गेमचं अपडेट) आला आणि मिमिक थोडी बोथट केली तेव्हा केवढा गोंधळ झाला आठवा. कोणाचा? ज्यांना अडवायला येत नव्हतं त्यांचा.

शिवाय पॅरी खेळणाऱ्याला सोबती अडचणच करतो. बॉस एकटा तुमच्याकडे बघत असतो तेव्हा त्याचा क्रम पाठ होतो, एक-दोन-थांब-तीन. मध्ये दुसरं कोणी आलं की तो मान वळवतो, तिसरा वार त्याच्यावर घालतो, आणि तुमची लय मोडली. शिकायचं असेल तर एकट्याने शिका.

कॉफी_आणि_कंट्रोलर
@कोरा_कागद लय मोडते हे खरंय, ते मान्य. पण 'कुबडी' वगैरे नको. जे बटण गेम बनवणाऱ्याने दिलंय ते वापरणं म्हणजे चोरी कशी? उद्या म्हणाल कुकरला शिट्टी आहे म्हणजे स्वयंपाक येत नाही.

आणि सगळे सोबती सारखे नसतात. फायनल फॅन्टसी सोळामध्ये टॉर्गल कुत्रा आहे. त्याला नुसतं 'धर' म्हटलं तर साधं चावतो. पण तुमचा वार बसतो त्याच्या नेमक्या लयीत हुकूम दिला तर स्क्रीनवर 'प्रिसाइज' येतं आणि तो जास्त जोरात लागतो. शत्रू हवेत असताना दिला तर कॉम्बो तुटत नाही. म्हणजे सोबत्यालाही टायमिंग आहे, तेही स्वतःच्या वारांच्या मधोमध. मला ते जमायला पॅरीपेक्षा जास्त दिवस लागले. ज्यांना नको त्यांच्यासाठी एक अंगठी दिलीय, ती घातली की टॉर्गल आपोआप चालतो. मी ती दुसऱ्याच दिवशी काढून टाकली, कुत्रा माझा आहे की अंगठीचा कळेना.

त्या गेममध्ये पॅरीसुद्धा ढालीने नाही. त्याचा वार येताना तुम्ही नेमका त्याच क्षणी वार करायचा, तलवारीला तलवार लागली की सगळं संथ होतं. शाळेत पट्टीने तलवारबाजी खेळायचो ना, सेम.

रस्सा_जास्त
रेसिडेंट ईव्हिल ४ च्या रिमेकमध्ये माझी सोबतीण ॲशली. चाकूने पॅरी करत बसलो की तिला मागच्या मागे खांद्यावर टाकून घेऊन जातात. वर चाकू झिजतो तो वेगळाच. एकाच वेळी पत्नीची माहेरची माणसं आणि गॅस सिलेंडर दोन्ही सांभाळतोय असं वाटतं.

ताशावाला
उशिरा आलो, दुकान बंद करून. सगळ्यांनी डोळ्याचं सांगितलं, कोणी कानाचं बोललंच नाही.

मी पंधरा वर्षं ताशा वाजवतोय. आमच्याकडे नवीन पोरगा ढोलाला येतो तेव्हा पहिली चूक ही की तो माझ्या हाताकडे बघतो. बघून टिपरू मारतो आणि प्रत्येक ठोका पावशेर मागे. त्याला सांगतो, पाठ फिरवून उभा राहा. दुसऱ्या दिवशी बरोबर बसतो. कारण कान डोळ्यापेक्षा लवकर पोचतो, आणि दुसरं म्हणजे कानाला पुढचा ठोका आधी कळतो. ताशाने उचल घेतली की ढोल कुठे पडणार हे अंगाला माहीत असतं, कोणी मोजत नाही. वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते, रविवार कारंजापर्यंत गर्दीत समोरचा ढोलसुद्धा दिसत नाही, तरी पन्नास ढोल एकत्र पडतात. डोळ्यांनी झालं असतं का?

सेकिरो मी तसाच शिकलो. पहिल्यांदा गेनिचिरोने मला पस्तीस-चाळीस वेळा मारलं. मग एका रात्री डोळे अर्धे मिटून नुसतं ऐकलं. त्याच्या त्या लांब सलग वारांचा एक हात आहे. आम्ही हात म्हणतो, म्हणजे एक पूर्ण ठेका, पहिला हात दुसरा हात असं. तो मी मांडीवर वाजवून बघितला. टक टक, टकटक, थांब, टक. बायकोने विचारलं सराव पथकाचा चाललाय का. दोन दिवसांनी तो माणूस माझ्यासमोर ढोल होता आणि मी ताशा.

आणि एक, बटण टॉकटॉक दाबू नका. सेकिरोत सारखं दाबलं की पॅरीची विंडोच (बटण दाबायला मिळणारा वेळ) आकसत जाते, गेम तुम्हाला शिक्षा करतो. पथकातही तेच, ठोका चुकला म्हणून मधे दोन जास्त मारले की पूर्ण रांग बिघडते. चुकला तर चुकला, पुढच्याला पकडा.

निफाडची_थंडी
वा ताशावाले. मी बागाईतदार माणूस, द्राक्ष. आमच्याकडे थ्री फेज लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात मोटर चालू करायला उठावंच लागतं, मग झोप तर उडालेलीच असते म्हणून पंपाचं पाणी दुसऱ्या दाऱ्याला लावायची वेळ होईपर्यंत खेळतो. डिसेंबर-जानेवारीत इथं पारा चार-पाचावर येतो, बोटं अशी आखडतात की मेंदू 'दाब' म्हणतो आणि अंगठा म्हणतो 'उद्या बघू'. मी शेगडीवर हात शेकून मग कंट्रोलर घेतो. हसू नका, खरंच फरक पडतो, बाणसुद्धा वेळेवर मारला जातो.

एकदा बॉसचं शेवटचं टिचभर रक्त राहिलेलं आणि लाईट गेली. त्या रात्री मोटर पण बंद, बॉस पण जिवंत.

कोरा_कागद
@ताशावाला हे मान्य. ऐकून खेळणं म्हणजे खरं कौशल्य. कुत्रे-आत्मे नव्हे.

कॉफी_आणि_कंट्रोलर
कोरा कागद तुम्ही कधी लग्नाच्या पंगतीत एकट्याने वाढलंय का?

पंचवटीकर
थोडं अवांतर. पॅरीचं वेड आम्हाला लागलं ते स्ट्रीट फायटर थ्री, थर्ड स्ट्राइकमुळे. १९९९ चा गेम. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, तासाला वीस रुपये, पंखा एक आणि पोरं अठरा. त्यात पॅरी म्हणजे मागे सरून अडवणं नाही, वार येताना स्टिक उलट शत्रूच्या दिशेला टिचकी मारल्यासारखी पुढे करायची. छाती पुढे काढून तोंडावर बुक्की घ्यायला जाण्यासारखं. चुकलं तर पूर्ण लागते.

२००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा असा अडकला होता, अमेरिकेच्या जस्टिन वाँगसमोर. दाइगोच्या केन या पात्राचं रक्त एवढं कमी की नुसतं ब्लॉक केलं असतं तरी घासून लागणाऱ्या थोड्याशा मारानेच मेला असता. वाँगने त्याच्या चुन-ली या पात्राचा सुपर, म्हणजे खास हल्ला सोडला, सलग लाथा. दाइगोने पंधराच्या पंधरा पॅरी केल्या, शेवटची हवेत, आणि उलटा कॉम्बो घालून फेरी जिंकली. तो व्हिडिओ अजून फिरतो. लोक पंधरा लाथांचं कौतुक करतात, मला पहिलीचं वाटतं. कारण सुपरची चमक दिसल्यावर पहिली पॅरी घालायला वेळच उरत नाही, तो सोडणार हे आधी ओळखून स्टिक ढकलावी लागते. बाकीच्या चौदा म्हणजे ताशावाल्यांचा हात.

स्ट्रीट फायटर सिक्समध्ये आता परफेक्ट पॅरीची विंडो दोन फ्रेमची आहे, म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंद. आमच्या पार्लरचा पंखा एका पात्यावर तेवढा वेळ घ्यायचा.

सिडको_सहावी_स्कीम
एवढं सगळं झालं पण धागाकर्ते गेम मोडचं उत्तर देत नाहीयेत.

झेंडू_झिरो
पार्लरला तासाला २० रु?? आणि लाईन लावायचे?

पंचवटीकर
लाईन लावायचो, आणि तीही दप्तरासकट. आणखी काही?

कॉफी_आणि_कंट्रोलर
@गोदाकाठचा_क्रेटोस मगाशी विचारायचं राहिलं. तुम्ही म्हणालात वार अडतो पण ठण्ण होतच नाही, लवकर दाबा किंवा उशिरा. *एकदाही* नाही? लवकर-उशिराने शंभरात पाच-दहा तरी चुकून लागायला हव्यात. ढाल कुठली घेतलीय?

गोदाकाठचा_क्रेटोस
सॉरी, दोन दिवस कंपनीत शटडाउन होतं, अंबडला. गेम मोड बघतो आज.
ढाल? सुरुवातीला जुनी मोडते, मग तो ब्रॉक लोहार दोन देतो त्यातली. मोठी, जाड. स्टोनवॉल. मजबूत वाटली म्हणून घेतली.

कॉफी_आणि_कंट्रोलर
😀😀😀😀

ताशावाला
अरे देवा.

रस्सा_जास्त
मी उठून पाणी पिऊन आलो.

कॉफी_आणि_कंट्रोलर
क्रेटोसभाऊ, रागावू नका. स्टोनवॉलने पॅरी होतच नाही. ती ढाल मार सोसून आतमध्ये जोर साठवते, आणि मग तो जोर एकदम जमिनीवर आपटून सगळ्यांना फेकता. पॅरीची ढाल म्हणजे दुसरी, डॉन्टलेस. लहान आहे. शेवटच्या क्षणाला अडवलं की ती पेटते, मग एल वन दोनदा दाबलं की असली थप्पड बसते. निवडताना खाली लिहिलेलं असतं हो हे सगळं.

पंचवटीकर
म्हणजे आपण तीन दिवस दाइगो, ढोल, द्राक्ष, सगळं केलं, आणि माणसाच्या हातात बॅटच नव्हती.

निफाडची_थंडी
बॅट होती, धुण्याचा धोपाटणा होता तो.

गोदाकाठचा_क्रेटोस
मला जमीन पोटात घेईल तर बरं. खाली काय लिहिलंय ते कोण वाचतं, 'जाड ती चांगली' एवढंच बघितलं, आमच्याकडे तवासुद्धा तसाच निवडतात. तीन आठवडे. तीन आठवडे मी स्वतःच्या म्हातारपणाला शिव्या घालतोय, डोळे तपासून आलो, नंबर वाढला नाही म्हणून डॉक्टरवर संशय घेतला.

आज रात्री ढाल बदलतो.

कोरा_कागद
हे मात्र आवडलं. ढाल वाचून घ्यावी, सोबती घेऊ नये.

सिडको_सहावी_स्कीम
गेम मोड.

गोदाकाठचा_क्रेटोस
चार दिवसांनी अपडेट देतोय, थोडं मोठं आहे.

डॉन्टलेस घेतली. पहिल्या रात्री पॅरी लागल्या! पण दहात दोन. चला, म्हटलं आता ताशावाल्यांचं ऐकू, डोळे बारीक करून कानाने खेळलो. दहात शून्य. दिवसभर ऑफिसात विचार करत होतो की मला सूर-ताल नाही हे आईने लहानपणीच सांगितलं होतं, पण इतकं?

मग सिडको सहाव्या स्कीमचा तिसऱ्यांदा आलेला प्रश्न मनावर घेतला. गेम मोड बंद होता. टीव्ही लावायला आलेल्या मुलाने 'पिक्चर एकदम सिनेमासारखा करून देतो' म्हणत काहीतरी स्मूथ-बिमूथ चालू करून ठेवलं होतं, मी पण खूश होतो. मोजून बघायचं ठरवलं. मोबाईलवर २४० एफपीएसचं स्लो मोशन लावलं, एका फ्रेममध्ये माझा अंगठा आणि टीव्ही दोन्ही येतील असा मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर ठेवला, मेनूमध्ये खालचं बटण दाबलं, आणि मग व्हिडिओ एक-एक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. अंगठा बुडाल्यापासून मेनूची पट्टी हलेपर्यंत ३१ फ्रेम. एक फ्रेम चार मिलिसेकंदाच्या जरा वर, म्हणजे झाले जवळपास १३० मिलिसेकंद. गेम मोड चालू केला, १४ फ्रेम. साठच्याही आत. जुन्या मॉनिटरवर मला फुकटात मिळत होतं ते ५५ इंचाने खाऊन टाकलं होतं. चित्र जरा फिकं झालं, बायकोने लगेच विचारलं टीव्ही बिघडवला का.

डोळ्याने खेळलो तर आता दहात पाच. पण कानाने अजूनही शून्य, हे काही कळत नाहीये.

ताशावाला
साउंडबार वायरने जोडलाय का?

गोदाकाठचा_क्रेटोस
ब्लूटूथ.

ताशावाला
हं. मग तुम्हाला ढोल पलीकडच्या गल्लीतला ऐकू येतोय. ब्लूटूथला आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. सिनेमा बघताना टीव्ही चित्र मागे खेचून ओठ जुळवतो म्हणून कळत नाही, गेम मोडमध्ये चित्र थांबत नाही मग आवाज एकटाच मागे राहतो. वायर लावा नाहीतर हेडफोन थेट कंट्रोलरला लावा, त्याला खाली जॅक आहे.

आणि माफ करा, मी आधी विचारायला पाहिजे होतं. मुलाला पाठ फिरवायला सांगताना मी तरी ताशा त्याच्या शेजारीच वाजवतो.

झेंडू_झिरो
म्हणून माझ्या बड्सवर टिंग ऐकून दाबलं की उशीर होतो!!! मला वाटलं फोन हँग होतो. थँक्यू काका

पंचवटीकर
@झेंडू_झिरो अभ्यास.

निफाडची_थंडी
आता दुसऱ्या प्रश्नाचं कोणी बघा की, बाणांचं. मला पण तेच होतं, पोरगं नुसतं उभं.

कॉफी_आणि_कंट्रोलर
बाणांचं माझं गणित सोपं आहे. बाण राखून ठेवायचे नाहीत. संपले तरी थोड्या वेळाने आपोआप भरतात, त्यामुळे भरलेला भाता म्हणजे वाया गेलेला वेळ. आणि चौकोन दाबायला क्रेटोसला थांबावं लागत नाही, कुऱ्हाड मारता मारता, ढाल धरून, लोळता लोळता कधीही दाबता येतो. मी ठरवून घेतलं होतं, ढाल वर गेली की सोबत चौकोन. डावी तर्जनी एल वनवर जाते तेव्हा उजवा अंगठा रिकामाच असतो.

सोनिक प्रकारच्या बाणांनी शत्रूची स्टनची (भोवळीची) पट्टी भरते, ती भरली की आर थ्री दाबून सरळ उचकटायचा. एक जण अंगावर आणि एक लांबून मारतोय असं असेल तर बाण लांबच्यावर घाला, तो तेवढा गडबडतो आणि तुम्हाला जवळच्याचा ठेका नीट ऐकू येतो. @कोरा_कागद म्हणतात ती मोडलेली लय अशी परत जोडता येते.

वाराआधी शत्रूवर पिवळं वर्तुळ दिसलं तर नुसता ब्लॉक तुटतो पण पॅरी चालते, लाल दिसलं तर ढालीचं नावच काढायचं नाही, बाजूला व्हायचं. निळं दिसलं तर एल वन दोनदा, ढालीनेच हाणून त्याला थांबवायचं. हे तीन रंग सोडवताना डोकं भरलेलं असतं म्हणून बाण विसरतात, म्हणून म्हणते बाण डोक्याला विचारून मारूच नका, बोटाला सवय लावा.

कोरा_कागद
लांबच्यावर बाण, हे ठीक आहे. याला मी कुबडी म्हणणार नाही. फार तर काठी.

गोदाकाठचा_क्रेटोस
शेवटचं अपडेट, मग झोपतो.

हेडफोन कंट्रोलरला लावले. ठण्ण. मग परत ठण्ण. एका ड्रॉगरच्या (मेलेल्या योद्ध्याच्या) सलग तीन, आणि मी ताशावाल्यांसारखं मांडीवर नाही पण सोफ्यावर थाप मारली. दहात सात म्हणायला हरकत नाही.

बाण मात्र जमेनात, बोटाला सवय लागेना, ३९ व्या वर्षी उजवा अंगठा स्वतःच्या मतावर ठाम असतो. तर मुलगी, आठ वर्षांची, शेजारी बसून बघत होती आणि सारखी ओरडत होती 'बाबा बाण! बाबा बाण!' शेवटी सेटिंगमध्ये शोधलं, पीएस फाईव्हमध्ये असिस्ट कंट्रोलर म्हणून आहे, २०२३ च्या अपडेटपासून, दोन कंट्रोलर एकाच खेळाडूचे म्हणून चालतात. दुसरा तिच्या हातात दिला. सांगितलं फक्त चौकोन. पहिली पाच मिनिटं तिने भिंतीला, दगडाला, ब्रॉकचा भाऊ सिंद्रीच्या दुकानाला, सगळ्यांना बाण मारले. मग लढाई लागली. मी ढाल धरली, तिने बाण घातला, मी पॅरी केली, तिने परत घातला, स्टनची पट्टी भरली आणि ती माझ्या आधी ओरडली 'आता पकड!' ज्याच्यापाशी तीन आठवडे अडलो होतो तो शत्रू दीड मिनिटात गेला.

हेडफोन मला आणि आवाज तिला नाही म्हणून ती चिडली होती, त्यामुळे साउंडबारला वायर आणावी लागणार. ऑप्टिकल का एचडीएमआय, कोणी सांगा, उद्या एमजी रोडला जाणारच आहे.

सिडको_सहावी_स्कीम
एचडीएमआय, एआरसी लिहिलेल्या भोकात घाला. आणि गेम मोड बंद करू नका.

रस्सा_जास्त
कोरा कागद, हे कुबडीत मोडतं का?

कोरा_कागद
आठ वर्षांच्या आतल्यांना सूट आहे.

गोदाकाठचा_क्रेटोस
ती नववं लागलंय म्हणते. आणि उद्यापासून ढाल तिची, बाण माझे, असा निरोप आहे.